खांचेंतील मोटारींच्या शर्यती

खेळण्यांचा इतिहास म्हणजे कारखानदारांची नांवें व त्यांच्या मालाची जंत्री, असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. आम्हांस तो पुरता पटत नाहीं. खेळणें कारखान्यांत जन्मास येतें हें खरें. परंतु चार माणसें एकत्र जमून आपसांत नियम ठरवितात तेव्हांच त्याचा खेळ होतो. खेळण्याचें आयुष्य बाजाराच्या हातीं असतें, खेळाचें आयुष्य खेळणारांच्या हातीं. ह्या दोन आयुष्यांत केवढें अंतर पडूं शकतें हें पाहावयाचें असल्यास इंग्लंड-अमेरिकेंत ‘स्लॉट कार’ ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या विजेच्या चिमुकल्या मोटारींची हकीकत पाहावी.

ज्या वाचकांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्याकरितां त्याचें स्वरूप प्रथम सांगितलें पाहिजे. स्लॉट म्हणजे खांच. लांकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या सपाट मार्गांत प्रत्येक गाडीसाठीं एकेक अरुंद खांच ठेवलेली असते. गाडी असते खऱ्या मोटारीच्या बत्तिसाव्या किंवा चोविसाव्या हिश्शाएवढी. तिच्या पोटाखालची जीभ खांचेंत बसते, आणि खांचेच्या दोन्ही कडांस बसविलेल्या धातूच्या पट्ट्यांवरून तिच्या यंत्रास वीज मिळते. खेळणाराच्या हातांत फक्त एक कळ. ती जितकी दाबावी तितका वेग. सुकाणूं मुळींच नाहीं. वेग कोठें सोडावा व कोठें आंवरावा एवढेंच काय तें त्याच्या स्वाधीन. वळणावर हांव धरली कीं गाडी खांच सोडून बाहेर फेंकली जाते, आणि कोणी तिला उचलून परत ठेवीपर्यंत तिची शर्यत थांबते.

अशा गाड्या अमेरिकेंत लायोनेल ह्या आगगाड्यांचीं खेळणीं करणाऱ्या कंपनीनें १९१२ सालीं विक्रीस काढल्या होत्या. पण १९१५ सालीं त्या बंद पडल्या. पुढचा महत्त्वाचा टप्पा इंग्लंडांत येतो, आणि तो कारखान्याचा नसून हौशी मंडळाचा आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. साउथपोर्ट येथील हौशी यंत्रकारांच्या मंडळानें १९५६ सालीं, सहा गाड्या एकदम धांवतील असा सुमारें ६० फूट लांबीचा मार्ग लोकांपुढें मांडला. गाड्या हातानें घडविलेल्या होत्या, व त्या खांचेंतून न धांवतां मार्गावर उंच बसविलेल्या रुळाच्या आधारानें धांवत. लगेच जानेवारी १९५७ मध्यें हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनांत फ्रेड फ्रॅन्सिस ह्या कारखानदारानें ‘स्केलेक्स्ट्रिक’ पुढें आणलें. त्याच्या मिनिमॉडेल्स कंपनीच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या ‘स्केलेक्स’ गाड्या १९५२ पासून खपत होत्या. त्यांत त्यानें विजेचें यंत्र बसविलें, रबरी मार्गांत खांचा ठेवल्या, आणि ‘स्केलेक्स’ व ‘इलेक्ट्रिक’ हे दोन शब्द सांधून नवें नांव घडविलें. पुढच्याच वर्षीं, १९५८ सालीं, त्यानें ती कंपनी लाइन्स ब्रदर्स ह्या मोठ्या खेळणेंवाल्यांस विकून टाकली. खांचेपुढें रूळ मागें पडला, व १९६४ सालीं ब्रिटनमधील हौशी मंडळांस एकत्र बांधणारी इलेक्ट्रिक कार रेसिंग असोसिएशन ही संस्था निघाली.

अमेरिकेंत ह्या खेळाला धंद्याचें रूप आलें. ऑरोरा कंपनीनें १९६० सालीं घरच्या मेजावर मावतील अशा लहान गाड्या काढल्या. आणि थोड्याच वर्षांत गांवोगांव आठ खांचांचे लांबलचक लांकडी मार्ग मांडलेलीं भाड्याचीं शर्यतगृहें उघडलीं. मुलांनीं गाडी घेऊन जावें, वेळेप्रमाणें पैसे द्यावे व खेळावें, असा तेथील शिरस्ता होता. परंतु १९६० चें दशक संपण्याच्या आंतच बहुतेक गृहांस कुलुपें लागलीं. फॅशन उतरली, हें एक कारण झालें. दुसरें कारण आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें. वेगाच्या चढाओढींत यंत्राच्या तारा नव्यानें गुंडाळल्या जाऊं लागल्या, पितळेचे व पोलादी तारेचे सांगाडे हातानें जोडले जाऊं लागले, आणि वरचें पारदर्शक कवच इतकें चपटें झालें कीं ती मोटार आहे हें सांगावें लागे. अशा गाडीपुढें दुकानांतून आणलेली साधी गाडी घेऊन उभा राहणारा मुलगा पहिल्याच संध्याकाळीं हरे, आणि दुसऱ्या संध्याकाळीं येत नसे.

गृहें बंद पडलीं, पण खेळ मेला नाहीं. तो तळघरांत, मोटारखान्यांत व मंडळांच्या भाड्याच्या खोल्यांत गेला. आठ-दहा स्नेही जमावे, आळीपाळीनें एकेकाच्या घरीं शर्यत भरवावी, वर्षाअखेर गुणांची बेरीज करावी, अशा छोट्या लीगांनीं त्यास संभाळलें. कौशल्य व पैसा सर्वांपाशीं सारखा नसतांना मैत्री न मोडतां स्पर्धा कशी करावी, हा प्रश्न त्यांच्यापुढें होता. त्यांनीं त्याचें जें उत्तर दिलें तें कोणत्याही मंडळानें अभ्यासावें असें आहे.

पहिली अडचण मार्गाचीच. आंतल्या खांचेचें वळण आंखूड पण तीव्र, बाहेरच्या खांचेचें लांब पण सौम्य. कसाही मार्ग बांधला तरी सर्व खांचा समान होत नाहींत. म्हणून प्रत्येकानें प्रत्येक खांचेंत सारखा वेळ धांवावें व सर्व फेऱ्यांची बेरीज करावी, असा नियम रूढ झाला. लाल, पांढरी, हिरवी, नारिंगी, निळी, पिवळी, जांभळी व काळी ह्या आठ खांचा अमेरिकन मार्गांवर रंगांनींच ओळखतात. विषमता नाहींशी करतां येत नसेल तर ती सर्वांच्या वांट्यास सारखी यावी, हें तत्त्व येथें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं.

दुसरी गोष्ट मार्शलची. उडालेली गाडी उचलून खांचेंत ठेवणाऱ्यास मार्शल म्हणतात. हें काम नोकराचें नाहीं. ज्याची फेरी संपली त्यानेंच वळणाशीं उभें राहावयाचें. चुकविल्यास त्याच्या स्वतःच्या फेऱ्या कापल्या जातात, असाही दंड पुष्कळ ठिकाणीं आहे. प्रतिस्पर्ध्याची गाडी झटपट उचलली तर आपलाच क्रमांक खालीं जावयाचा, तरी ती उचलावयाची, अशी ही कसोटी आहे.

तिसरा बंदोबस्त खर्चाचा. कांहीं लीगांत एकाच बनावटीची, डबींतून निघाली तशी गाडी चालते. चाकें पुसण्यापलीकडे हात लावावयाचा नाहीं. गाडीस मार्गाशीं खिलवून धरणारें लोहचुंबकही कित्येक मंडळें काढून टाकतात, कारण त्यानें वेग वाढतो पण बोटाचें कसब लपतें. कांहीं ठिकाणीं तर गाड्या मंडळाच्याच असून त्या त्या खांचेंतच राहतात व माणसें बदलतात. शिवाय हंगामांतील एकदोन निकृष्ट निकाल प्रत्येकाच्या हिशेबांतून वगळतात. त्यामुळें घरच्या अडचणीनें एखादी संध्याकाळ चुकलेला गृहस्थ स्पर्धेंतून बाद होत नाहीं.

अशा नियमांनीं कल्पकता मारली जाते, असा आक्षेप कोणी घेईल. त्यांत तथ्य आहे. यंत्र स्वतः घडविण्याचा आनंद साउथपोर्टच्या मंडळापासून ह्या खेळाच्या रक्तांत आहे. परंतु त्यावर उपाय सोपा आहे: घडविणारांचा वर्ग निराळा ठेवावा व साध्या गाड्यांचा निराळा. दोहोंची सरमिसळ झाली कीं काय होतें, हें शर्यतगृहांनीं दाखवून दिलें आहे.

२००४ पासून एकाच खांचेंत अनेक गाड्या धांवविणारी व मध्येंच खांच बदलूं देणारी अंकीय पद्धति आली. फेऱ्या मोजण्याचें काम संगणक करूं लागला. दूरदूरचे हौशी लोक आपापल्या गाड्या टपालानें एका यजमान मंडळाकडे पाठवितात, व तेथील सभासद त्या परक्या गाड्या निःपक्षपातानें धांववितात, अशाही शर्यती होतात. साधनें बदललीं, तरी मंडळाचा आधार बदललेला नाहीं. आपली फेरी संपल्यावर दुसऱ्याच्या गाड्या उचलण्यास जोंपर्यंत माणसें वळणाशीं उभीं राहतात, तोंपर्यंत ह्या खेळास बाजाराच्या मर्जीची फारशी गरज पडणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.