वस्तऱ्याचे पोलाद

शीळफाट्याला कल्याण, मुंब्रा आणि पनवेलकडचे रस्ते एकत्र येतात. तिथल्या गर्दीतून वाट काढून एखाद्या सलूनमध्ये दाढीला बसलात, तर कारागीर नवे ब्लेड कागदातून काढतो, मधोमध मोडतो, अर्धे वस्तऱ्यात अडकवतो आणि काम झाले की फेकून देतो. आपल्या आजोबांच्या गालावरून फिरलेला वस्तरा वेगळा होता. धोकटीतले ते पाते वर्षानुवर्षे चालवायचे असे, म्हणून त्याचे पोलाद पारखून घ्यावे लागे.

नुसते लोखंड मऊ. त्याची धार लगेच वळते. त्यात शेकडा एकच्या आसपास कार्बन मुरला आणि तापवून पाणी दिले, की ते कठीण होते. मग पुन्हा बेताने तापवावे लागते, नाहीतर धारेचे कपचे उडतात.

या विद्येत आपला देश मागे नव्हता. दक्षिणेत मुशीत बनणारे ‘वुट्झ’ पोलाद प्रसिद्ध होते. मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. 1795 मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. शीर्षकात मात्र हे पोलाद मुंबईत बनते, असे छापले गेले! म्हणजे ज्या बंदरातून माल गेला त्याचे नाव झाले, भट्टीवरचा कारागीर अनामिकच राहिला. लंडनचे शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट या पोलादावर खूश होते. पुढे मायकेल फॅरेडे यांनी त्यांच्याबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंचे प्रयोग केले. 1820 मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्या पोलादाचे वस्तरे फॅरेडे मित्रांना भेट देत.

1913 मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम घालून न गंजणारे पोलाद केले. ते ओलाव्याला दाद देत नाही, पण दगडावर घासून धार लावताना सहसा जास्त वेळ घेते. साधे कार्बन पोलाद लवकर धारेला येते; मात्र ओले राहिले की गंजते.

म्हणून निवड वापरावरून करावी. रोज अनेक गिऱ्हाइके करणाऱ्या सलूनमध्ये रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा धोका असतो; तिथे प्रत्येकाला नवे ब्लेडच हवे. घरी एकट्यासाठी वस्तरा ठेवायचा, तर कार्बन पोलाद उत्तम. दाढीनंतर पुसून कोरडा करावा आणि तेलाचे बोट फिरवावे. आजोबांचा वस्तरा माळ्यावर सापडला, तर भंगारात घालण्यापूर्वी एवढे करून पाहावे.