हिंगोलीचा लोहमार्ग आणि सरकारी तिजोरी

लोहमार्गांच्या इतिहासांत इंजिनें, पूल व बोगदे यांचें वर्णन पुष्कळ सांपडतें; पण मार्ग घालण्यास पैसा कोणीं दिला, व्याजाचा भार कोणीं वाहिला आणि दोन रुळांमधील अंतर किती असावें हें कोणीं ठरविलें, या प्रश्नांकडे आपल्याकडे फारसें लक्ष जात नाहीं. वास्तविक एखाद्या प्रांतांतील माल बाहेर किती खर्चांत पडणार, हें बव्हंशीं याच निर्णयांवर ठरतें. हिंगोलीची हकीकत आम्ही येथें देतों ती यासाठींच.

निजाम सरकारचा पहिला लोहमार्ग वाडीपासून हैदराबादपर्यंत 1874 मध्यें सुरू झाला. पुढें 1883 सालीं लंडनमध्यें स्थापन झालेल्या कंपनीच्या हातीं रेल्वेचें काम गेलें आणि तिच्या भांडवलावर 20 वर्षेंपर्यंत शेंकडा 5 प्रमाणें व्याजाची हमी निजाम सरकारनें घेतली. तूट आली तर ती राज्याच्या तिजोरींतून, म्हणजे अखेर रयतेच्या साऱ्यांतून, भरून निघावयाची होती. तेव्हां या कराराच्या अटी लोकांपुढें ठेवाव्या, अशी मागणी हैदराबादेंतील कांहीं सुशिक्षितांनीं केली, यांत नवल नाहीं. तिचें फळ मात्र असें कीं, अघोरनाथ चट्टोपाध्याय यांस हद्दपार व्हावें लागलें. सरोजिनी नायडूंचे वडील म्हणून आज ते अधिक ओळखले जातात. पण सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणारा गृहस्थ म्हणूनही त्यांची आठवण राहावयास हवी होती.

मराठवाड्यांत आगगाडी आली ती 1899 ते 1901 या काळांत. हैदराबादहून मनमाडपर्यंतचा हा 391 मैलांचा गोदावरी खोऱ्याचा मार्ग मीटर गेजचा होता. लॉर्ड मेयो यांच्या कारकीर्दींत, 1870 च्या सुमारास, काटकसरीसाठीं हें अरुंद माप हिंदुस्थानांत स्वीकारलें गेलें होतें. बांधणींत पैसा वांचला हें खरें. तो पुढें कोणाच्या पदरांतून वसूल झाला, हें हिंगोलीवरून कळतें.

पूर्णेहून हिंगोलीपर्यंतचा सुमारें 50 मैलांचा फांटा 1912 मध्यें निघाला. ज्या हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठीं 1853 मध्यें वऱ्हाड इंग्रजांकडे गेलें, तिची छावणी 1903 पर्यंत हिंगोलीस होती. आणि त्याच वऱ्हाडांत, हिंगोलीच्या उत्तरेस, अकोल्यावरून मुंबई-नागपूरचा ब्रॉड गेज मार्ग 1867 पासूनच जात होता. तरी हा फांटा हिंगोलीस येऊन थांबला तो जवळजवळ 50 वर्षें! त्यामुळें हिंगोलीच्या कापसाच्या गांठींना रेल्वेनें मुंबई गांठावयाची तर प्रथम दक्षिणेस पूर्णेपर्यंत उतरावें, मग पश्चिमेस सुमारें 200 मैल मनमाड गांठावें, असा वळसा पडे. मनमाडास रुळांचें माप बदले. एका वाघिणींतून गांठी उतरवा, हमालांकडून वाहवा, दुसरींत रचा. रिकामी वाघीण मिळेपर्यंत वाट पहा. मधल्या काळांत पाऊस आला तर माल भिजे. ही हमाली आणि हा विलंब कंपनीच्या जमाखर्चांत कोठेंच दिसत नसे. व्यापारी मात्र तो शेतकऱ्याला द्यावयाच्या भावांतून वजा करी.

1930 मध्यें निजाम सरकारनें रेल्वे स्वतःकडे घेतली आणि 1932 मध्यें तिच्या जोडीला बसगाड्याही सुरू केल्या. उत्तरेकडील दुवा मात्र संस्थान गेल्यावरच जुळला. 1950 मध्यें रेल्वे हिंदुस्थान सरकारकडे आली आणि 1961 च्या सुमारास हिंगोली-खंडवा मार्ग पुरा होऊन उत्तर व दक्षिणेकडील मीटर गेजची जाळीं एकमेकांस मिळालीं. पुढें 1992 पासून सर्वत्र एकच माप करण्याचें धोरण आलें. मनमाडकडून पूर्णेपर्यंत ब्रॉड गेज झाला, त्याबरोबर माल बदलण्याची कटकट मनमाडाहून पूर्णेस सरकली. पूर्णा-अकोला हा सुमारें 209 किलोमीटरचा मार्ग ब्रॉड गेज होण्यास 2008 साल उजाडलें.

आतां रूळ सरळ आहेत. अडचण निराळी आहे. वसमतची हळद व हिंगोलीचें सोयाबीन हा लहान लहान खरेदीचा माल. पूर्ण मालगाडी म्हणजे चाळिसाहून अधिक वाघिणी व अडीच हजार टनांच्या आसपास वजन. एकट्या आडत्यानें ती भरावी कशी? तो ट्रक बोलावतो, आणि त्याचें चुकतें असें आम्हांस वाटत नाहीं. 2030 पर्यंत देशांतील मालवाहतुकीचा शेंकडा 45 हिस्सा रेल्वेकडे आणण्याचा सरकारचा संकल्प आहे. खासगी मालधक्क्यांसाठीं 2021 मध्यें सवलतीचें धोरणही निघालें. स्वतंत्र मालमार्गावर मोठा खर्च झाला, पण तो पश्चिम मार्ग मुंबईजवळील बंदरापासून गुजरातकडे वळतो. मराठवाड्यास त्याचा स्पर्श नाहीं. येथें गरज आहे ती वसमत, हिंगोलीसारख्या स्थानकांजवळ दहा-वीस टनांचा माल एकत्र करून गाडीभर होईपर्यंत राखणाऱ्या कोठारांची. तीं बाजार समितीनें बांधावीं कीं रेल्वेनें, हें ठरवितांना मनमाडच्या हमालीचा हिशेब अखेर कोणाकडून वसूल झाला, तेवढें अधिकाऱ्यांनीं पाहावें.