पकड

आजोबांच्या चावीच्या घड्याळाचे मागचे झाकण उघडून पाहावे, तर आत एक चाक अखंड मागेपुढे झुलताना दिसते. त्या चाकाचा पोलादी आस ज्या दोन टोकांवर फिरतो, ती जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीची, म्हणजे आपल्या केसाएवढी असतात. असे टोक लेथवर कातताना मध्य एक शतांश मिलिमीटर जरी ढळला, तरी टोकाच्या जाडीचा दहावा हिस्सा चुकला! तेव्हा कापण्याआधीचा प्रश्न असा की, एवढेसे काम धरायचे कसे?

स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरांतील कारागिरांनी त्याला सोपे उत्तर शोधले होते. त्यांच्या चिमुकल्या लेथवर काम दोन स्थिर टोकांमध्ये अडकवीत. डाव्या हाताने कमान ओढून ते फिरवायचे आणि उजव्या हातातील हत्यार टेकणावर ठेवून कापायचे. कमान एका दिशेने जाताना हत्यार कापी. परत येताना ते किंचित मागे घ्यावे लागे. टोके स्वतः फिरत नसल्यामुळे काम काढून पुन्हा बसविले, तरी मध्य तोच राही. दोन टोकांत न मावणारे काम पितळी चकतीवर लाखेने डकवीत, आणि लाख हा तर आपल्या देशाचा जुना निर्यातीचा माल. पण ही विद्या हातात मुरायला वर्षे लागत, आणि एकाचा आस दुसऱ्याच्या घड्याळात सहसा बसत नसे.

अमेरिकेत वॉल्थम येथे १८५४ साली आलेल्या घड्याळांच्या कारखान्याला हे परवडणारे नव्हते. तेथे रूढ झालेल्या कॉलेटचे श्रेय सामान्यतः चार्ल्स मोझली या यंत्रज्ञाला देतात. कॉलेट म्हणजे तोंडाशी चिरा दिलेली पोलादी नळी. ती लेथच्या पोकळ आसात घालून मागून ओढली की निमुळत्या भोकात दाबली जाते आणि काम चहूबाजूंनी सारखे आवळते. मात्र माप जुळले पाहिजे. म्हणून घड्याळजीच्या पेटीत दशांश मिलिमीटरच्या फरकाने कॉलेटांची रांगच असते. जाड तार कोंबली, की पाकळ्या फाकल्या आणि कॉलेट वाया गेले.

१८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर लाँजिनचे अभियंता जॅक डेव्हिड यांनी मायदेशी अहवाल दिला : यंत्रे स्वीकारा, नाहीतर धंदा गमवा. घराघरांतील कारागिरीवर जगणाऱ्या खेड्यांना ते ऐकणे किती जड गेले असेल! तरी स्विस धंदा बदलला, आणि म्हणूनच टिकला.

आजही जुनी घड्याळे दुरुस्त करणारे काही कारागीर प्रसंगी त्या दोन स्थिर टोकांकडे व लाखेकडे वळतात. कोणत्या कामाला कोणती पकड, हे अजून माणसालाच ठरवावे लागते.