वीज आणि अर्थ : दोन तरुण विद्या

विद्यार्थिवेतनाचा प्रश्न निघाला की आपल्या ज्ञातिबांधवांचा ओढा विद्युत् अभियांत्रिकीकडे. अर्थशास्त्राचा अर्ज मागे पडतो. हा भेद आम्हांस पटत नाही. दोन्ही विद्या तशा तरुणच. विद्युत् अभियांत्रिकीचे पहिले अध्यासन १८८२ साली जर्मनीत डार्मश्टाट येथे एरास्मुस किटलर यांजकडे आले. एडिसनचे न्यूयॉर्कमधील वीजकेंद्रही त्याच वर्षीचे. केंब्रिजमध्ये अर्थशास्त्र नीतिशास्त्रादि विषयांच्या आश्रयास होते. मार्शल यांच्या खटपटीने १९०३ साली त्याची स्वतंत्र परीक्षा निघाली. इकडे १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. १९३० साली पुण्यास गोखले संस्था निघाली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. पुढे याच अर्थशास्त्रज्ञाने प्रवरेच्या शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद सांभाळले.