हे भय कोणाचे?

कळंबोलीतले माझे विद्यार्थी नारायण धारप (१९२५-२००८) आवडीने वाचतात. धारपांनी मराठी भयकथेला वाचक मिळवून दिला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु मी मुलांना विचारतो : हे भय कोणाचे? आपल्याकडे भुतांनाही जात आहे; मुंजा, ब्रह्मराक्षस ही ब्राह्मणाचीच भुते. गावाने ज्यांच्यावर मसणवटा आणि मेलेली ढोरे लादली, त्यांना मढ्याचे भय परवडणारे नव्हते. अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांच्या 'स्मशानातील सोनं'मधला भीमा खाण बंद पडल्यावर पोटासाठी प्रेते उकरतो. मढ्याच्या जबड्यात बोटे अडकून ती गमावतो, आणि त्याच दिवशी खाण सुरू होते. या कथेत भूत नाही, भूक आहे. मराठी भयकथेचा इतिहास मी तिच्यापासून शिकवतो.