गळतीतून घडलेला प्रेस
१/ भोसरीच्या लहान कारखान्यात बेअरिंग बसवणारा हायड्रॉलिक प्रेस पाहताना त्याच्या ताकदीचे कौतुक वाटते. त्याचा इतिहास मात्र गळतीशी झुंजण्याचा आहे.

२/ बंदिस्त द्रवातला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम. मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ शंभरपट, तर बळही शंभरपट! १७९५ मध्ये लंडनच्या जोसेफ ब्रामाने अशा यंत्राचे पेटंट घेतले. पण दट्ट्याभोवतून पाणी गळे आणि सांधा आवळला तर दट्ट्याच अडके.

३/ उपाय निघाला चामड्याच्या वाटीचा: दाब वाढला की तिची कड आपोआप घट्ट बसे, ओसरला की सैल होई. याचे श्रेय ब्रामाचा सहकारी हेन्री मॉडस्ली याला दिले जाते.

४/ म्हणून स्वस्त प्रेस सुधारताना आधी सील तपासावे, मग चौकटीचा काटकोन. तिरका दाब पडला, तर बेअरिंग फुटून तुकडे कारागिराच्या अंगावर येतात.