रत्नागिरी परिसरातील अशोक : स्त्रीरोगांवरील एका वनौषधीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

अंगावरून जास्त जाणे, पाळीच्या वेळी पोटात दुखणे अशा तक्रारींविषयी कोकणातील स्त्रिया उघडपणे बोलत नसत. बहुधा त्या सुईण किंवा घरातील वडीलधारी स्त्री यांच्यापर्यंतच पोहोचत. अशा विकारांवर आयुर्वेदाने सांगितलेल्या औषधींत अशोकाच्या सालीचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात ग्रंथ, कारखाना आणि अरण्य या तीन अंगांनी या औषधीच्या वाटचालीचा विचार केला आहे.

ग्रंथांतील अशोक

चरकसंहितेत अशोकाची गणना वेदनास्थापन द्रव्यांत केलेली आहे. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताने रक्तप्रदरावर अशोकाच्या सालीने सिद्ध केलेले दूध सांगितले. धर्माचारातही या वृक्षाला स्थान होते. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील गोळवलीच्या घराण्यातील काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० मध्ये पंढरपूर येथे रचलेल्या 'धर्मसिंधु'त चैत्र शुद्ध अष्टमीस अशोकाच्या कळ्यांचे प्राशन सांगितले आहे. साल आणि दूध यांचा पाठ घरच्या चुलीवर होण्याजोगा होता. त्यासाठी झाड ओळखणारी व्यक्ती मात्र घरात वा गावात असावी लागे.

चुलीकडून कारखान्याकडे

'भैषज्यरत्नावली'तील अशोकारिष्टाचे स्वरूप वेगळे आहे. आजच्या मापांत ४.८ किलो साल पाण्यात उकळून काढा एक चतुर्थांश उरवावयाचा, त्यात ९.६ किलो गूळ, धायटीची फुले आणि सुंठ, जिरे, नागरमोथा, त्रिफळा, अडुळसा, चंदन आदी द्रव्ये घालून मिश्रण महिनाभर आंबवावयाचे. हे काम वैद्याच्या वा कारखान्याच्या आवाक्यातले होते. राजापूरजवळील धोपेश्वर येथे ज्या धूतपापेश्वराचे देवस्थान आहे, त्याच देवतेचे नाव धारण करणारा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना १८७२ मध्ये पनवेल येथे सुरू झाला. १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. औषध बाटलीत मिळू लागल्याने स्त्रियांची सोय झाली. परंतु साल ओळखण्याची जबाबदारी त्यांच्या हातून गेली.

ओळखीचा प्रश्न

रस्त्याकडेला आणि शाळांच्या आवारात लावला जाणारा उंच, सरळ 'अशोक' हा सीताफळाच्या कुळातील वृक्ष आहे. औषधी सीता अशोक शिंबावंत कुळातील असून त्याच्या फांद्यांवर नारिंगी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात. दोन्हींना एकच नाव असल्याने पहिल्याची साल दुसऱ्याच्या नावाने विकली जाते. दक्षिण भारतातील बाजारांतून घेतलेल्या नमुन्यांची जनुकीय तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत बहुसंख्य नमुने खऱ्या अशोकाचे नसल्याचे आढळले.

या टंचाईचे मूळ अरण्यात आहे. सीता अशोक सह्याद्रीत ओढ्याकाठच्या सावलीत वाढतो. खोडाची साल सभोवार काढल्यास झाड मरते. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याची नोंद संकटप्रवण प्रजातींत केली. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतांश वनक्षेत्र खासगी मालकीचे असल्याने केवळ सरकारी बंदोबस्त येथे अपुरा ठरतो. ग्रामदेवतेच्या धाकाने जेथे कुऱ्हाड चालत नाही अशा देवराया आणि जमीनमालकांचा विवेक यांवरच अशा वृक्षांचे भवितव्य बरेचसे अवलंबून आहे.

निष्कर्ष

चरकाने प्रदराचे चार प्रकार सांगून त्यांची चिकित्सा वेगवेगळी मानली. अशोकारिष्ट मात्र पुढे स्त्रियांच्या सर्वच तक्रारींवरील औषध म्हणून रूढ झाले. अतिरक्तस्रावामागे गाठ किंवा कर्करोगही असू शकतो. त्यामुळे निदानाविना घेतलेले औषध, साल अस्सल असली तरी, धोक्याचे ठरू शकते. अशोकाच्या इतिहासात म्हणूनच दोन ओळखींचा प्रश्न गुंतलेला आहे : झाडाची आणि रोगाची. यांपैकी एकही चुकली, तर तिची किंमत स्त्रीलाच मोजावी लागते.